दहाव्या दिवशी बुडापासून पांढरे पडणारे फ्रॅग: वारंवार येणाऱ्या एका अडचणीचा माग

अडचण अशी आहे. रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळे वाढवण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, चांगल्या वाढलेल्या अ‍ॅक्रोपोराच्या किंवा माँटिपोराच्या (या कठीण प्रवाळांच्या जाती) वसाहतीवरून तुकडे, म्हणजेच फ्रॅग, कापले, प्लग नावाच्या छोट्या बैठकीवर चिकटवले आणि रॅकवर मांडले, की पहिला आठवडा सारे सुरळीत चालते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे इवले जीव, बाहेर येतात, रंग टिकून राहतो, काही तुकड्यांच्या बुडाशी ऊती प्लगवर पसरू लागल्याची पातळ कडसुद्धा दिसते. मग दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान बुडाशी एक पांढरी रेघ उमटते, ती रोज एक-दोन मिलिमीटर वर सरकते आणि बघता बघता तुकड्याचा नुसता सांगाडा उरतो. ज्या वसाहतीवरून तो कापला, ती मात्र त्याच पाण्यात, त्याच दिव्याखाली धडधाकट उभी असते, आणि त्यामुळेच दोष पाण्याचा असेल असे कोणाच्या मनात येत नाही.

न्यू जर्सीतल्या माझ्या घराच्या तळघरात ३०० लिटरची टाकी आहे. एका हिवाळ्यात माझ्या लागोपाठ तीन खेपा अशाच गेल्या. चौथी जगली आणि पाचवी पुन्हा गेली. कारण सापडायला जवळजवळ वर्ष लागले, आणि सापडल्यावर ते इतके साधे निघाले की आपण ते आधी का पाहिले नाही याची लाज वाटली. हे टिपण त्याच कारणाविषयी आहे. तेच एकमेव कारण असते असे नाही, त्यामुळे इतर कारणे बाजूला कशी काढावीत हेही ओघाने येईल.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. रीफ बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळी प्रवाळे, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कायद्याने त्यांना वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत जिवंत प्रवाळ आहे म्हणून त्याचा तुकडा घरच्या काचेच्या टाकीत आणता येत नाही. पुढचे सारे विवेचन जेथे टाकीत वाढवलेल्या प्रवाळांची कायदेशीर खरेदी-विक्री होते अशा देशांतल्या मराठी छंदिष्टांसाठी आहे.

आधी पांढरे म्हणजे काय ते ठरवा

पांढरा पडलेला तुकडा दोन अगदी वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतो. ब्लीचिंगमध्ये ऊती जागेवर असते, फक्त तिच्यातली शैवाले निघून गेलेली असतात. भिंगातून पाहिले तर पारदर्शक पॉलिप दिसतात आणि रात्री टॉर्च मारली तर ते हलतानाही दिसतात. असा तुकडा वाचू शकतो आणि त्याचा संबंध बहुधा प्रकाशाशी किंवा तापमानाशी असतो. दुसऱ्या प्रकारात ऊतीच उरत नाही. पांढरे दिसते ते उघडे कॅल्शियम कार्बोनेट असते, आणि दोन-तीन दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाची साय धरते. आपला विषय हा दुसरा प्रकार आहे. ब्लीचिंग समजून दिवा मंद करण्यात पहिले आठ दिवस घालवणारे बरेच जण मी पाहिले आहेत, आणि पहिल्या खेपेला मीही तेच केले होते.

त्यानंतर दिवस मोजावेत. तुकडा कधी मेला यावरून तो कशाने मेला याचा निम्मा उलगडा होतो. पहिल्या ४८ तासांत ऊती सालपटासारखी सुटून आली, तर कापणी, डिप (कीड काढण्यासाठी औषधी द्रावणात बुडवणे) किंवा हाताळणी हे कारण असते: डिपचे द्रावण ठरलेल्यापेक्षा कडक झाले, तुकडे बादलीत थंड पडले, किंवा आधीच दुबळी झालेली वसाहत कापायला घेतली. तीन ते सात दिवसांत एकाच बाजूने ऊती गेली, तर तेथे गोंदाचा थर ऊतीवर चढला आहे का, शेजारच्या प्रवाळाचे डंख तेथपर्यंत पोहोचतात का आणि तुकडा पडून वाळूत लोळला होता का, हे पाहावे. हर्मिट खेकडे या बाबतीत अत्यंत निष्काळजी प्राणी आहेत. महिना-दीड महिन्यानंतर ठिपक्याठिपक्यांनी ऊती जाऊ लागली, तर कीड शोधावी. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा आणि माँटिपोरा खाणारी न्यूडिब्रँक गोगलगाय हे दोन्ही जीव आपल्या भक्ष्याच्या रंगात असे मिसळून जातात की ते स्वतः दिसण्याआधी त्यांनी खाल्लेल्या जागाच दिसतात. डिपने मोठे किडे गळून पडतात, पण अंड्यांना काही होत नाही. म्हणून अंड्यांचे पुंजके ब्लेडने खरवडून काढणे आणि डिप आठवड्याच्या अंतराने अनेकदा करणे याला पर्याय नाही.

दहावा ते पंधरावा दिवस मात्र यांपैकी कशातच नीट बसत नाही. जखम तोवर भरून आलेली असते, गोंद केव्हाच घट्ट झालेला असतो आणि कीड असती तर मूळ वसाहतीवरही खुणा असत्या.

चुकीचे संशयित

माझा पहिला संशय गोंदावर होता. सायनोअ‍ॅक्रिलेटचे जेल ओल्या सांगाड्यावरही धरते म्हणून सगळेच ते वापरतात, पण माझी समजूत झाली की त्यातले काहीतरी हळूहळू विरघळत असावे. तिसऱ्या खेपेच्या वेळी मी दुसरे जेल आणले. काही फरक पडला नाही. दुसरा संशय तुकड्यांच्या आकारावर होता. दोन सेंटिमीटरचा तुकडा लहान पडतो, त्याच्यात तग धरण्याइतका साठा नसतो, असे वाटून मी चार सेंटिमीटरचे तुकडे कापले. तेही गेले, फक्त सांगाडे तेवढे मोठे उरले.

लहान तुकडा म्हणजे दुबळा तुकडा ही समजूत टाकून देण्यासारखी आहे, याला चांगला पुरावा आहे. फ्लोरिडातील मोट मरीन लॅबोरेटरीच्या समरलँड की येथील केंद्रात डेव्हिड व्हॉन यांच्या हातून टाकीच्या तळाला चिकटलेला एल्कहॉर्न प्रवाळ उचलताना तुटला आणि त्याचे काही पॉलिप तळाला तसेच राहिले. ते मरतील असे त्यांनी धरले होते, पण काही दिवसांनी पाहिले तर ते झपाट्याने पसरले होते. सेंटिमीटरभर आकाराच्या तुकड्यांपासून प्रवाळ वाढवण्याची पद्धत या अपघातातून उभी राहिली. एल्कहॉर्न हा अ‍ॅक्रोपोराच. म्हणजे आपल्या रॅकवरच्या तुकड्यांचा सख्खा भाऊबंद. पाणी स्थिर असेल तर इवलासा तुकडाही मोठ्या वसाहतीपेक्षा वेगाने पसरतो.

पाचव्या खेपेला मी अखेर जे करायला हवे होते ते केले. एकाच वसाहतीवरून, एकाच दिवशी, एकाच हत्याराने नऊ तुकडे कापले. तीन नेहमीप्रमाणे प्लगवर चिकटवले. तीन गोंद न लावता रॅकच्या भोकांत नुसते खोचले. उरलेले तीन, त्याच डिपमधून काढून, त्याच जेलने चिकटवून, एका मित्राच्या टाकीत नेऊन ठेवले. तेराव्या दिवशी माझ्याकडच्या सहापैकी पाच तुकड्यांवर पांढरी रेघ होती, गोंद असलेल्यांवर आणि नसलेल्यांवरही. मित्राकडचे तिन्ही ठणठणीत होते आणि पुढेही राहिले. गोंद, डिप, कापणी, हत्यार आणि मूळ वसाहत अशा सगळ्यांची एका फटक्यात सुटका झाली. दोष माझ्या पाण्यात होता, आणि तो कापणीनंतरच उगवत होता.

कापणीनंतर पाण्यात काय बदलते

उत्तर वहीत लिहिलेले होते. दर रविवारी मी अल्कलिनिटी, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचे प्रमाण, मोजतो; तिचे एकक डीकेएच. कापणीच्या दिवशी ती ८.० डीकेएच होती. पुढच्या रविवारी ९.४ आली. आदल्या खेपांच्या वेळच्या नोंदी चाळल्या तर तेथेही कापणीनंतरच्या रविवारी ९.२, ९.५ असे आकडे होते, आणि प्रत्येकापुढे माझ्याच अक्षरात लिहिले होते: ‘किट तपासणे. डोसिंग दोन दिवस बंद.’

घडत होते ते असे. वाढणारे कठीण प्रवाळ सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातून अल्कलिनिटी आणि कॅल्शियम उचलते, आणि जेवढे रोज उचलले जाते तेवढे डोसिंग पंप परत घालतो. माझ्या टाकीचा खप रोज सुमारे १ डीकेएच होता. ३०० लिटर पाण्याला १ डीकेएच म्हणजे साधारण ९ ग्रॅम खाण्याचा सोडा, असा हा हिशोब आहे. आता अ‍ॅक्रोपोराची सगळ्यात वेगाने वाढणारी जागा म्हणजे तिची टोके, आणि फ्रॅग करताना आपण नेमकी तीच कापतो. कापलेले तुकडे काही दिवस जखम भरण्यात गुंतलेले असतात आणि वसाहतीच्या उघड्या बुडख्यांची वाढही थंडावते. टाकीचा खप १ वरून ०.८ वर आला, पंप मात्र पूर्वीइतकेच घालत राहिला. रोजचे ०.२ शिल्लक पडू लागले आणि सात दिवसांत १.४ चढले.

एवढ्यावर थांबले असते तरी बहुतेक तुकडे निभावून गेले असते असे मला वाटते. खरा घाव मी घालत होतो. रविवारी ९.४ पाहून दोन दिवस पंप बंद केला, की दोन दिवसांच्या खपाने आकडा ७.८ वर येई. मग पंप पुन्हा पूर्वीच्याच मापाने सुरू, आणि चढण पुन्हा सुरू. अशा रीतीने ज्या आठवड्यात तुकड्यांना सर्वांत स्थिर पाण्याची गरज होती, त्याच आठवड्यात मी त्यांना ८ वरून ९.४ वर नेऊन ७.८ वर आपटत होतो. दहाव्या दिवशी रेघ दिसणे हे त्याचेच फळ होते.

कॅल्शियमच्या चाचणीने हे का पकडले नाही, याचे उत्तर प्रमाणात आहे. १ डीकेएच अल्कलिनिटीबरोबर सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम खपते. म्हणजे १.४ डीकेएचच्या चढणीत कॅल्शियम जेमतेम १० पीपीएमने हलते, आणि ४२० च्या आसपासच्या आकड्यात एवढा फरक घरगुती किटच्या चुकीतच गडप होतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ‘अगदी बरोबर’ आहेत म्हणून पाणी स्थिर आहे असे मानणे ही म्हणूनच मोठी फसगत ठरते.

मूळ वसाहत का टिकली? तिच्याजवळ ऊतीचा विस्तार असतो, साठा असतो आणि ताण वाटून घ्यायला शेकडो पॉलिप असतात. नीट पाहिले असते तर तिचीही काही टोके फिकट झालेली दिसली असती, पण कापलेल्या टोकांच्या गर्दीत ते कळले नाही. आणि रेघ बुडापासूनच का चढते? अ‍ॅक्रोपोरामध्ये तयार झालेले अन्न बुडाकडून वाढत्या टोकांकडे वाहून नेले जाते. तुकड्याच्या बुडाशी ऊती नवी असते, तेथे उजेड कमी पोहोचतो, प्लगच्या आडोशाला प्रवाह मंदावतो, आणि त्यात शिदोरीही वर पाठवली जाते. उपासमार तेथूनच सुरू होते.

आणखी एक गोष्ट आगीत तेल ओतत होती. त्या हिवाळ्यात शेवाळाला कंटाळून मी फॉस्फेट शोषणारा लोहयुक्त मीडिया लावला होता आणि नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणून ठेवल्याचा मला अभिमान होता. पोषक द्रव्ये शून्य आणि अल्कलिनिटी चढलेली, हा मेळ अ‍ॅक्रोपोराची टोके जाळतो, हे या छंदात जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. मला ते वाचून ठाऊक होते, पण माझी अल्कलिनिटी चढते आहे हेच मी मानत नव्हतो.

चौथी खेप जगली, त्याचे श्रेय मी तेव्हा पुन्हा बदललेल्या जेलला दिले होते. ती कापणी मे महिन्यात झाली होती. हिवाळ्यात दारे-खिडक्या बंद असतात, घरातला कार्बन डायऑक्साइड साचतो, तो पाण्यात उतरून पीएच ७.८ च्या आसपास अडकून राहतो आणि प्रवाळाची बांधणी मंदावते. मे महिन्यात खिडक्या उघडल्या, पीएच ८.२ ला गेला, खप वाढला आणि कापणीमुळे पडलेला खड्डा त्या वाढीने भरून काढला, असा माझा तर्क आहे. नोव्हेंबरात खिडक्या लागल्या आणि पाचवी खेप त्याच जेलवर मेली.

आता मी काय करतो

कापणीच्या आधीचे दोन आठवडे टाकीत काहीही बदलत नाही. नवा मीडिया, नवे मीठ, दिव्याचे नवे वेळापत्रक, सारे पुढे ढकलतो. अल्कलिनिटी ८ च्या जवळ, नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०८ पीपीएमच्या दरम्यान असेल तरच कात्री हातात घेतो. एका वेळी एकूण वाढीचा सहावा हिस्सा कापतो, त्याहून जास्त नाही. पूर्वी मी तिसरा हिस्सा उतरवत असे, कारण रॅक भरलेला बघायला बरा वाटतो.

कापणीनंतरचे दहा दिवस अल्कलिनिटी रोज, आणि रोज त्याच वेळी मोजावी, कारण दिवे लागल्यावर आणि विझल्यावर तिच्यात थोडी चढउतार होतच असते. नवा खप काढायचा असेल तर दिवे लागण्याच्या वेळी मोजून २४ तास पंप बंद ठेवावा आणि पुन्हा त्याच वेळी मोजावे. जेवढी घट झाली तेवढा खप, आणि पंप तेवढ्यावर लावावा. ही मोजणी कापणीनंतर तिसऱ्या दिवशी एकदाच करावी. नंतर आकडा चढताना दिसला तर पंप पूर्ण बंद न करता डोस थोडा घटवावा, आणि दुरुस्ती कोणत्याही दिशेची असो, ती दिवसाला ०.३ डीकेएचपेक्षा जास्त होऊ देऊ नये. ९.४ वर स्थिर राहिलेले पाणी तुकड्यांना एक वेळ चालते. दोन-तीन आठवड्यांनी तुकडे प्लगवर पसरू लागले की खप वाढू लागतो. तेव्हा डोस परत वाढवायला विसरलो, तर हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते.

डोस एकदम न घालता दिवसभरात २४ लहान भागांत घालणे उत्तम. पाणी बदलताना मिठाची अल्कलिनिटीही बघून घ्यावी. काही रीफ सॉल्ट १२ डीकेएचच्या आसपास कालवले जातात, आणि ८ च्या टाकीत अशा पाण्याचा ४० टक्के बदल केला तर तासाभरात ९.६ होतात. फ्रॅगसाठी वेगळी छोटी टाकी ठेवणाऱ्यांनी बाष्पीभवनाकडेही लक्ष द्यावे. ४० लिटरमधून दिवसाला १ लिटर पाणी उडाले आणि भरले गेले नाही, तर ३५ ची लवणता एका दिवसात ३५.९ होते. ऑटो टॉप-ऑफ (उडालेले पाणी आपोआप भरणारे यंत्र) नसलेल्या छोट्या टाकीत फ्रॅग वाढवणे म्हणजे विनाकारण अंगावर ओढवून घेतलेले काम आहे, असे माझे मत आहे.

रेघ आधीच चढू लागली असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही. पांढऱ्या रेघेच्या वर अर्धा ते एक सेंटिमीटर, म्हणजे नक्की निरोगी असलेल्या ऊतीतून, धारदार कटरने कापावे, खालचा भाग टाकून द्यावा, नवा काप जेलने पूर्ण झाकून नव्या प्लगवर बसवावा आणि तुकडा रॅकवर थोडा खाली, मध्यम प्रकाशात पण चांगल्या प्रवाहात ठेवावा. जुना प्लग पुन्हा वापरू नये. तुकडा एक सेंटिमीटरचाच उरला तरी चालेल. पाचव्या खेपेतल्या रेघ उमटलेल्या पाच तुकड्यांपैकी दोन मी असेच वाचवले, पण अल्कलिनिटी जागेवर आल्यावरच. त्याआधी केलेल्या कापणीने फक्त रेघेला नवी सुरुवात मिळाली.

हे सारे टोकांनी वाढणाऱ्या लहान पॉलिपच्या कठीण प्रवाळांना लागू आहे. हॅमर किंवा टॉर्च या मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांच्या फांद्या कापल्यावर मांसावर तपकिरी चिकट लगदा दिसला, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तो लगदा पाण्यात उधळू न देता नळीने ओढून काढावा आणि ते डोके ताबडतोब वेगळे करावे. लेदर कोरलचा तुकडा जेलवर धरतच नाही, कारण तो चिकट स्राव सोडतो. त्याला खडीच्या वाटीत ठेवून वर जाळी बांधणे बरे. झोअँथिड आणि पॅलिथोआ हे प्रवाळांचे मऊ भाऊबंद कापताना मात्र हातमोजे आणि चष्मा हवेतच. त्यांच्यातले पॅलिटॉक्सिन हे ज्ञात विषांपैकी अतिशय जहाल विष आहे. असे जीव असलेला दगड उकळून किंवा गरम पाण्याने ‘साफ’ केल्यामुळे वाफेतून घरातल्या सगळ्यांना विषबाधा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

सहाव्या खेपेचे अकरा तुकडे सध्या रॅकवर आहेत आणि आज चोविसावा दिवस आहे. दहांच्या बुडाशी ऊती प्लगवर उतरली आहे. अकराव्याची एक बाजू उघडी पडली आहे, पण त्या प्लगच्या कडेला नळीत राहणारी, चिकट धाग्यांचे जाळे सोडणारी व्हर्मेटिड गोगलगाय सापडली. तिची नळी आज सकाळी मोडून तोंडावर जेलचा थेंब लावला आहे.